मोटारीतून न उतरणारा म्हातारा

दुबईत रास अल खोरला आमचा डबिंग स्टुडिओ आहे. खाली टायरचं गोदाम, वर आम्ही. जिन्यात रबराचा वास असतो आणि बाहेर ट्रक उभे असतात. रेकॉर्डिंगची खोली आतून फोम आणि जाड कार्पेट लावून बंद केलेली आहे, तरी एखादा ट्रेलर रिव्हर्स घ्यायला लागला की त्याची टूं टूं माइकमध्ये येतेच. म्हणून उन्हाळ्यात महत्त्वाची कामं आम्ही दुपारी ठेवतो. त्या महिन्यांत भर दुपारी उन्हातली कामं बंद ठेवायचा सरकारी नियम आहे. लोडिंग थांबतं, माणसं सावलीत आडवी होतात आणि तेवढा वेळ आम्हाला शांतता मिळते.

मी तिथे डायलॉग लिहिते आणि कलाकारांकडून ते म्हणून घेते. बहुतेक काम हिंदीचं. तुर्की मालिका, कोरियन मालिका, मुलांची कार्टून्स. मराठी क्वचितच येतं. माझा जन्म इथलाच, दुबईतल्या देऱ्यातला, शाळाही इथलीच. घरी अब्बा-अम्मी कोकणीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची. मग पुण्यात कॉलेजला गेले, हॉस्टेलमध्ये राहिले, तिथे माझं मराठी सरळ झालं. ‘सरळ’ हा शब्द तिथल्या एका मैत्रिणीचा. मला तेव्हा तो कौतुकाचा वाटला होता.

तर एका ओटीटी कंपनीनं जुन्या युरोपियन विनोदी चित्रपटांचा एक गठ्ठा घेतला आणि त्यातले काही मराठीतही हवेत असं ठरवलं. आमच्या वाट्याला एक इटालियन चित्रपट आला. काळापांढरा, माझ्या अब्बांपेक्षा वयानं मोठा नसेल पण जवळपास तेवढाच. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण कंपनीनं मराठीसाठी त्याला भलतंच नाव ठेवलं. इटलीत म्हणे तो अजून टीव्हीवर लागतो आणि लोक त्यातली वाक्यं रोजच्या बोलण्यात वापरतात. मी त्याआधी त्याच्याबद्दल काहीही ऐकलं नव्हतं.

गोष्ट साधी आहे. बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत पाच कुटुंबं राहतात. ती मिळून एक सेकंडहँड मोटार विकत घेतात. कुणालाच चालवता येत नाही. मग कुणाचा वार कुठला, पेट्रोल कुणी भरायचं, मोटारीवर कपडे वाळत कुणी घातले, यावरून जी भांडणं होतात तो सगळा चित्रपट. त्यात एका कुटुंबातला म्हातारा सासरा आहे. तो पहिल्याच दिवशी मोटारीच्या मागच्या सीटवर जाऊन बसतो आणि उतरत नाही. जेवायलासुद्धा नाही. सून खिडकीतून ताटली देते. शेवटी इमारतीतल्या एका मुलीचं लग्न ठरतं, चर्चला जायला मोटार लागते, तरी म्हातारा हलत नाही. मग नवरीच त्याच्या शेजारी जाऊन बसते.

मी तो पहिल्यांदा ऑफिसात एकटीनं, हेडफोन लावून पाहिला. इतकी हसले की आमची लेबनीज बॉस केबिनमधून उठून बघायला आली.

बाकीचे आवाज पटापट मिळाले. इथल्या मराठी मंडळात नाटकं करणारी मंडळी पुष्कळ आहेत, बँकेत आणि इन्शुरन्समध्ये नोकरी करणारी. नवरीला एक चांगली मुलगी मिळाली. अडलं ते म्हाताऱ्यावर. मंडळातले एक रिटायर्ड अकाउंटंट हे काम करणार होते, पण मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांना ठाण्याला जावं लागलं आणि ते तिकडेच राहिले. तरुण मुलांनी म्हाताऱ्याचा आवाज काढून दाखवला. सगळे नुसते खोकत होते.

आमचा साउंड इंजिनियर त्रिशूरचा. तो एका दुपारी मला हिंदीत म्हणाला, तुझ्या बाबांना का विचारत नाहीस? अब्बा कधीकधी डबा घेऊन स्टुडिओत यायचे. अम्मीनं केलेलं मच्छीचं कालवण माझ्यासोबत त्याच्यासाठीही असायचं. त्या निमित्तानं दोघांच्या गप्पा व्हायच्या आणि अब्बांचा आवाज त्याच्या कानात बसला होता.

अब्बा मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी देऱ्यात आले आणि धक्क्यावरच्या एका ट्रेडिंग ऑफिसात लागले. लाकडी गलबतांवर माल चढवून घ्यायचा, कागद करायचे, खलाशांशी भांडायचं. तेच काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. आता ते आणि अम्मी माझ्या व्हिसावर इथेच राहतात. रिटायर झाल्यावरही ते सकाळी धक्क्यावर जाऊन बसतात. काम काही नाही, ओळखीची माणसं असतात.

मी विचारल्यावर ते आधी नाही म्हणाले. मग अम्मी म्हणाली की घरात दिवसभर बोलतच असतात, तेच तिकडे जाऊन बोलावं. स्टुडिओपर्यंत टॅक्सीनं या म्हटलं तर, जाऊन-येऊन साठ दिरम, म्हणजे चौदाशे रुपये, असा हिशेब त्यांनी मोठ्यानं करून दाखवला आणि मेट्रो-बस करून आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

पहिला दिवस वाया गेला. डबिंगमध्ये कानात मूळ आवाज चालू असतो, समोर पडद्यावर चित्र, आणि ओठ हलतील तसं आपण आपल्या भाषेत बोलायचं. मूळ चित्रपटातल्या म्हाताऱ्याचा आवाज भारदस्त होता. खोल, घुमणारा, प्रत्येक शब्द वजनानं टाकणारा. अब्बा तसंच बोलायला गेले. त्यात मी लिहिलेले संवाद पुणेरी. ‘मी येथून उतरणार नाही. मला येथे बरे वाटते.’ अगदी तसं नव्हतं, पण अब्बांच्या तोंडी ते तसं ऐकू येत होतं. रेडिओवर बातम्या वाचाव्यात तसं. मध्येच त्यांचा मोबाइल वाजला आणि त्यांनी तो माइकसमोरच उचलला. इंजिनियरनं काचेपलीकडून हात जोडले.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्यांना सांगितलं की मोकळं बोला, घरी बोलता तसं. ते म्हणाले, घरी बोलतो तसं लोकांसमोर कसं बोलायचं, सिनेमा आहे हा. मी जरा चिडले. तेही चिडले. चहाला बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, “हा माणूस कोण?”

मला वाटलं, पात्राबद्दल विचारतायत. मी पुन्हा गोष्ट सांगायला लागले.

“ते कळलं. मोटारीत बसतो तो म्हातारा नाय, हा माणूस. ज्याचं तोंड आहे तो. ह्याचं नाव काय, कुठला, काय करायचा?”

मला माहीत नव्हतं. मला फक्त दिग्दर्शकाचं नाव आणि नवरीचं काम करणारी नटी माहीत होती, कारण ती पुढे फार मोठी झाली. मी म्हटलं, त्यानं काय फरक पडतो? अब्बा म्हणाले की माणूस कोण हे माहीत नसताना त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे म्हणजे त्यांना अवघड वाटतं. ते ठामपणे असं काही फार कमी वेळा बोलतात, म्हणून मी त्याच संध्याकाळी कंपनीला मेल टाकला. उत्तराची अपेक्षा नव्हती. पण त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलीनं मूळ हक्क असलेल्या लोकांना विचारलं, त्यांनी आणखी कुणाला विचारलं, आणि आठवड्याभरात कळलं की चित्रपट बनवणाऱ्या लोकांपैकी एक बाई अजून आहेत, रोममध्ये. शूटिंगच्या वेळी कुठल्या शॉटमध्ये कुणाच्या हातात काय होतं याची नोंद ठेवायचं काम त्या करायच्या. तेव्हा विशीत होत्या. त्यांची नात इंग्रजी बोलते, व्हिडिओ कॉलवर बोलायला तयार आहेत.

कॉल आम्ही स्टुडिओतूनच केला. मी, अब्बा, आणि मागे उभा राहून इंजिनियर. पडद्यावर एक बारीक, ताठ म्हातारी, केस नीट बांधलेले, शेजारी नात. त्या इटालियनमध्ये बोलायच्या, नात इंग्रजीत सांगायची आणि जिथे अब्बांना उच्चार कळायचा नाही तिथे मी मराठीत सांगायची. तासभर बोलणं झालं. त्यातलं बरंचसं मजेचंच होतं.

त्या म्हणाल्या, हसरा सिनेमा आहे पण दिग्दर्शकाला मी कधी हसताना पाहिलं नाही. सगळा सेट हसायला लागला की तो घड्याळ बघायचा. संवाद लिहिणारे दोघे एकाच इमारतीत वर-खाली राहायचे आणि कशावरून तरी त्यांचं बोलणं बंद होतं. मग हिनं एकाची पानं दुसऱ्याकडे न्यायची, तो त्यात काट मारायचा, ही परत वर जायची. आज ज्या वाक्यांना लोक हसतात त्यांतली निम्मी दोघांनी एकमेकांना चिडवायला लिहिलेली होती. मोटारीला तर इंजिनच नव्हतं. निर्मात्याच्या मेव्हण्याची बंद पडलेली गाडी होती. ती चालताना दिसते तिथे चार माणसं मागून वाकून ढकलत असायची. लग्नाच्या सीनमध्ये उतार लागला आणि ती माणसं मागे राहून गेली. मोटार पुढे, आत नवरी आणि म्हातारा. पुढे पोत्यांच्या ढिगावर जाऊन थांबली.

अब्बा पहिल्यांदा मोठ्यानं हसले. म्हणाले, त्या ढकलणाऱ्यांचे पाय दिसतात एका जागी, मी पाहिले. बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. तो नट नव्हताच. बंदरात हमाली करायचा. शूटिंग बघायला गर्दी व्हायची, त्यात तो रोज यायचा, आणि दिग्दर्शकाला त्याचा चेहरा आवडला. दोन दिवसांचं काम म्हणून घेतला आणि नंतर सोडलाच नाही. त्याला वाक्यं पाठ व्हायची नाहीत. त्या काळात तिकडे सेटवर आवाज धरत नसत, सगळं नंतर स्टुडिओत भरायचे. म्हणून त्याला सांगितलं, तू नुसते आकडे म्हण, एक दोन तीन चार. पहिले काही दिवस त्यानं आकडे म्हटले. मग कंटाळला आणि खरंच बोलायला लागला. दिग्दर्शकाच्या बुटांना नावं ठेवायचा. मासळीचे भाव सांगायचा. नवरीच्या सीनमध्ये तर तो त्या नटीशी किती वेळ काय काय बोलला. ती नवखी होती, घाबरलेली होती. तीही त्याला उत्तरं देत राहिली, कॅमेरा चालूच. काय बोलत होते ते बाहेरून कुणाला ऐकू आलं नाही. आणि नंतर त्या जागी रोमच्या एका मोठ्या नाटकवाल्याचा आवाज घातला.

मी अब्बांना हे मराठीत सांगितलं. इंग्रजीतूनही त्यांना कळलं असावं, तरी ते माझ्याकडे बघून पुन्हा ऐकत होते.

“म्हणजे हा आवाज त्याचा नाय?”

नाही, मी म्हटलं.

“मग त्याचा कुठं आहे?”

बाईंनी नातीकडून प्रश्न समजून घेतला आणि मान हलवली. कुठेच नाही. पुढे त्यांनी सांगितलं की चित्रपट लागला तेव्हा तो सगळ्या कुटुंबाला घेऊन गेला होता, शेजारीपाजारीही. पडद्यावर तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. नंतर मोहल्ल्यात लोक विचारायला लागले तर तो म्हणायचा की त्या दिवसांत मला सर्दी झाली होती.

अब्बांनी खुर्ची पडद्याच्या जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, त्याची बायको काय म्हणाली?

बाई हसल्या. तिला तो आवाज फार आवडला, त्या म्हणाल्या. बायको सगळ्यांना सांगायची, एकदाचा हा माणसासारखा बोलायला लागला.

चित्रपट खूप चालला, पण तो पुन्हा कुठल्या सिनेमात दिसला नाही. कुणी बोलावलं नाही की त्यानंच नको म्हटलं ते बाईंना माहीत नव्हतं. तो परत बंदरात कामाला गेला. नवरी झालेली नटी मात्र मोठी झाल्यावरही त्या गावावरून जाताना त्याला भेटायची.

दुसऱ्या दिवशी अब्बा आले ते साध्या टी-शर्टवर. आत जायच्या आधी इंजिनियरला म्हणाले की कानातला तो आवाज बंद कर. तो माझ्याकडे बघायला लागला. मूळ आवाजाशिवाय ओठ पकडणं चांगल्या चांगल्या कलाकारांना कठीण जातं. मी म्हटलं, करून बघू.

कठीण गेलंच. कितीतरी वेळा ते मागे पडले, कधी म्हाताऱ्याचं तोंड मिटल्यावरही बोलत राहिले. पण आवाज बदलला होता. छाती फुगवून बोलणं गेलं. नवरीच्या सीनपर्यंत आलो तेव्हा त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि मला विचारलं की हेच, पण आपल्या बोलीत म्हटलं तर?

मी विचार केला. कंपनीच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, न्यूट्रल मराठी. पण माणूस बंदरातला होता, गोष्ट बंदरातली होती, आणि माझी वाक्यं त्याच्या तोंडाला बसत नव्हती हे मला दिसत होतं. मूळ इटालियनही बसत नव्हतं, ते आता नीट लक्षात आलं होतं. मी हो म्हटलं.

त्या सीनमध्ये नवरी शेजारी बसते आणि विचारते, आजोबा, तुम्ही इथे का बसता? मी लिहिलं होतं, ‘घरी सगळे मला विचारतात, बाबा, तुम्हाला काय हवंय? मला काहीच नकोय.’ अब्बांनी समोर पाहत, हळू आवाजात म्हटलं:

“घरात सगळी इचारतात, बा, तुला काय हवा? चाय हवी? उशी हवी? मना काय पन नको हाय. पन काय नको म्हटला का त्यांना वाटतं, मी रुसलो. हितं कोन इचारत नाय. गाडी काय इचारनार?”

आणि मग, म्हाताऱ्याचं तोंड अजून हलत होतं म्हणून, त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं: “तू पन नवऱ्याला सारखी इचारू नको. त्याला हवा असंल तर तो उठंल.”

इंजिनियरला मराठी येत नाही. तो हसला, कारण ओठ बरोबर मिटले तिथेच वाक्य संपलं होतं. तो खूश होऊन काचेवर टकटक करून म्हणाला, खलास, यही रखेंगे. त्या वाक्याचं मी इंग्रजी करून बॉसला सांगितलं तेव्हा तीही म्हणाली की हे मूळ स्क्रिप्टपेक्षा वाईट नाही. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप.

नवरीचा आवाज देणारी मुलगी मात्र गोंधळली. ती इथेच वाढलेली, घरी पुण्याचं मराठी. तिला अब्बांचं बोलणं निम्मंच कळत होतं, आणि तिचे काही रिअॅक्शन पुन्हा घ्यावे लागले. एकदा ती इंग्रजीत म्हणाली, अंकल, प्लीज, स्लो. अब्बा तिला म्हणाले की नवरीला घाई असते, म्हाताऱ्याला नसते, मीच हळू बोलतो. आणि पुढच्या टेकला आणखी भरभर बोलले.

काम पूर्ण करून पाठवलं आणि दोन आठवड्यांनी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून शेरे आले. तपासणाऱ्या बाईंनी बारकाईनं पाहिलं होतं. बाकी पात्रांबद्दल फार काही नव्हतं. म्हाताऱ्याबद्दल पानभर होतं. बोली न्यूट्रल नाही. एकाच कुटुंबात सून एका भाषेत बोलते आणि सासरा दुसऱ्या, हे खटकतं. आणि ‘मना’ हा शब्द. प्रेक्षकाला अर्थ लागणार नाही, त्याला वाटेल की म्हातारा स्वतःच्या मनाशी बोलतोय, किंवा कसली तरी मनाई आहे.

मला राग आला. मी लगेच फोन लावला आणि बराच वेळ वाद घातला. मी म्हटलं, सून दुसऱ्या गावची असू शकते. मी म्हटलं, या देशात आमच्या घरात तीन पिढ्या तीन भाषांत बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं, माझी भाची तर आजोबांच्या कोकणीला इंग्रजीत उत्तर देते. बाई सभ्य होत्या, ऐकून घेत होत्या. त्यांचं म्हणणं होतं की सातारच्या, नागपूरच्या माणसालाही कळायला हवं. त्यातही तथ्य होतं. शेवटी त्या इतकं मान्य करायला तयार झाल्या की बोली राहू द्या, पण ‘मना’ सगळीकडे ‘मला’ करा.

हे अब्बांना कसं सांगावं ते मला कळेना. घरी गेल्यावर जेवणं झाली, मग सांगितलं. मी फार वेळ समजावत बसले, बोलीचा मान वगैरे. ते फळं कापत होते. मधेच म्हणाले, “अगं, मी देऱ्यात आयुष्यभर हिंदी बोललो. पठाणाशी त्याच्यासारखी, मलबाऱ्याशी त्याच्यासारखी. इराण्याशी तर हातांनीच. माल उतरला म्हणजे झालं. ‘मला’ म्हणायला काय लागतंय?”

आणि मग सुरी खाली ठेवून म्हणाले, “नवरीला सांगतो तिथला एक ‘मना’ तेवढा राहू देतील काय बघ.”

मी विचारलं. त्या एका ठिकाणी संदर्भ स्पष्ट आहे, असं म्हणून मुंबईच्या बाईंनी तो राहू दिला. बाकीचे अब्बांनी एका दुपारीत बदलून दिले. कुरकुर न करता. मीच काचेबाहेर तोंड पाडून बसले होते, आणि इंजिनियर मला चहा आणून देत होता.

चित्रपट हिवाळ्यात आला. शनिवारी दुपारी घरच्या टीव्हीवर पाहिला. माझा भाऊ आणि वहिनी त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, घेऊन शारजाहून आले होते. अम्मीनं साटोऱ्या केल्या होत्या. अम्मी पहिली दहा मिनिटं अब्बांकडेच बघत होती, पडद्याकडे नाही. नंतर रमली. मोटारीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं भांडण तिला फार आवडलं. देऱ्यात सुरुवातीला आम्ही ज्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो तिथे गॅलरी एकच होती आणि तिच्यावरून काय काय झालं होतं ते ती वहिनीला सांगत बसली. त्यात नवरीच्या सीनची सुरुवात गेली. अब्बांनी रिमोट घेऊन मागे नेलं.

संपल्यावर तासाभरानं गावाहून चाचांचा फोन आला. चाचा अब्बांचे भाऊ, गावातच राहतात. नातवानं त्यांना मोबाइलवर दाखवला होता. अब्बांनी फोन स्पीकरवर ठेवला. चाचांनी आधी चित्र फार बारीक दिसतं याची तक्रार केली. मग म्हणाले, तू कुठं बोललास? अब्बांनी सांगितलं, म्हातारा, मोटारीतला. चाचा म्हणाले, “तो तुझा आवाज नाय. तो बाचा आवाज हाय.”

बा म्हणजे माझे दादा, अब्बांचे वडील. मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल होते, खलाशांचे मुकादम. ते गेले तेव्हा अब्बा इथे होते, मातीला पोचू शकले नाहीत. त्यांचा एक फोटो आहे, तोही दुसऱ्या कुणाच्या लग्नातला, कडेला उभे आहेत असा. आवाज कसा होता ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर अब्बांनी मला तो सीन पुन्हा लावायला सांगितला. आवाज वाढवायला लावला. पडद्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून ऐकला. मग म्हणाले की नाही, बा मोठ्यानं बोलायचा, मचव्यावरून हाक मारली की घरात ऐकू यायची, हा तर किती हळू बोलतो. अम्मी म्हणाली, घरात असायचे तेव्हा हळूच बोलायचे की. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचं बोलणं ऐकूच यायचं नाही, सारखं विचारावं लागायचं.

अब्बांनी आणखी एकदा लावायला सांगितलं.

“चाय हवी म्हणतो तिथं आहे थोडा,” ते म्हणाले. आणि असरच्या नमाजाला उठले.

रोमच्या बाईंना मी नवरीचा सीन पाठवला, खाली इंग्रजीत अर्थ लिहून. नातीनं कळवलं की आजीनं तो पाहिला. नव्यानं घातलेलं वाक्य वाचून त्या म्हणाल्या की ते दोघे लेखक आज हयात असते तर हे वाक्य कुणाचं यावरून पुन्हा बोलणं बंद झालं असतं. अब्बांना मी हे सांगितलं. त्यांनी ते धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं, थोडं वाढवून. आता तिथे अशी समजूत आहे की इटलीहून त्यांना बोलावणं आलं होतं पण गुडघ्यांमुळे ते गेले नाहीत.

त्यानंतर त्यांनी आमच्याकडे एक काम केलं, मुलांच्या एका मराठी कार्टूनमधल्या कासवाचं. माझ्या भाचीसाठी म्हणून केलं. तिनं एक भाग पाहिला आणि इंग्रजीत सांगितलं की कासव चांगलं आहे पण ससा जास्त चांगला आहे. कासवाच्या बोलीवर मुंबईहून एकही शेरा आला नाही.